चौऱ्याऐंशी फॉर्म

एमबीए म्हणजे मॅनेजमेंट, आणि मॅनेज म्हणजे काय हे गोंदिया जिल्ह्यात कोणाला शिकवावं लागत नाही. दाखला अडला, मॅनेज करा. हजेरी कमी पडली, मॅनेज करा. त्यामुळे कोहमाऱ्याच्या भैयालाल कापगत्यांची पुष्पांजली एमबीए करते आहे असं कळल्यावर नाक्यावरच्या पानठेलेवाल्यानं अगदी भोळेपणानं विचारलं होतं, "आता याचाही कॉलेज निघला का?"

पुष्पांजली सत्तावीस वर्षांची. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं तिनं गोंदियातल्या एका कापड दुकानात बिलं फाडली. तिथे बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एमबीए शिरलं. पुण्यातल्या खाजगी कॉलेजांची फी ऐकून भैयालाल हसले होते. मग तिनं आपल्याच विद्यापीठाची फी सांगितली आणि त्यांचं हसणं थांबलं, कारण आता नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. प्रवेश परीक्षा देऊन तिनं जागा मिळवली. दोन वर्षं सकाळच्या एसटीनं गोंदिया, संध्याकाळच्या एसटीनं कोहमारा. उभ्यानं प्रवास आणि उभ्यानंच अभ्यास. आता राहिला होता तो शेवटचा प्रोजेक्ट. तिरोड्याच्या एका राईस मिलच्या ऑफिसात तिची नोकरी ठरल्यासारखी होती. अट एवढीच, की जुलैत पास झाल्याचा कागद हातात पाहिजे.

विषय तिनं घरचाच घेतला. ट्रकवाले ढाबा कसा निवडतात? भैयालालचा चार बाजांचा, म्हणजे चार खाटांचा ढाबा रायपूर-नागपूर रस्त्यावर, त्यामुळे माणसं शोधायला कुठे जायचं नव्हतं. हिंदीत एक पानी फॉर्म छापायचा, शंभर ड्रायव्हरांकडून भरून घ्यायचा, खाली नाव, गाव, मोबाईल नंबर. शंभरच का, हे कॉलेजात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण शंभर म्हणजे शंभर.

वर्गातल्या भुपेंद्रनं त्याचे शंभर एका दुपारीच उरकले. कॅन्टीनमध्ये बसला, पाच रंगांचे पेन घेतले, आणि म्हातारे ग्राहक हवेत म्हणून वीस फॉर्म डाव्या हातानं लिहिले. पुष्पांजली पोट धरून हसली. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस तिच्याही मनात तेच होतं.

तिसऱ्या दिवशी दुर्गचा एक ड्रायव्हर आला. इथं का थांबलात, या प्रश्नापुढे तिनं चार चौकोन छापले होते: जेवण, किंमत, स्वच्छता, ओळख. त्यानं चारही सोडून दिले.

"मैडम, खाट से अपनी गाड़ी दिखनी चाहिए," तो म्हणाला. "आँख लगी कि डीज़ल गया. खाना तो सब जगह मिलता है."

पुष्पांजली त्याच्याकडे बघतच राहिली. लहानपणापासून ती या ढाब्यावर वाढली, पण हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या वडिलांच्या चारही बाजा मागे आंब्याखाली होत्या, गार सावलीत, जिथून रस्ता औषधालासुद्धा दिसत नाही. तिनं फॉर्ममध्ये पाचवा चौकोन हातानं आखला. पुढच्या दहा ड्रायव्हरांपैकी सात जणांनी त्यावर खूण केली. घरी बसून शंभर भरले असते तर शंभरही वेळा आपण चुकलो असतो, हे तिला तिथेच कळलं. त्यानंतर खोटा फॉर्म भरायला तिचा हात धजेना.

मग मे महिन्याचं ऊन आणि ती. कोणी नंबर द्यायला तयार होईना, कोणी फॉर्मवर हात पुसून परत दिला. एकानं नंबर देण्याच्या बदल्यात तिचाच मागितला, तेव्हा आई सुशीलाबाई तव्याजवळून उठून उलथन्यासकट बाहेर आली आणि गडी जेवण अर्धं टाकून गेला.

"ड्रायवरायजवळ उभी राहून का लिहून रायली? लोक पाहून रायले," भैयालाल कुरकुरायचे.

"पाहू द्या ना, बाबूजी. त्यायच्या हाती फॉर्म देऊ का?"

शुक्रवारी तिचे गाईड हिमांशू सर म्हणाले, "सोमवारी शंभर पाहिजेत, पुष्पांजली. कमी पडले तर मॅनेज कर. बाहेरून येणाऱ्या परीक्षक आकडा पाहतात. नापास झालीस तर थेट पुढच्या वर्षी." हे तिनं घरी जसंच्या तसं सांगितलं आणि तीच तिची चूक झाली.

रविवारी संध्याकाळी हिशेब लागला तो त्र्याऐंशीवर.

सोमवारी सकाळी बाइंडिंगला न्यायचे म्हणून तिनं गठ्ठा मोजला. शंभर. पुन्हा मोजला. शंभरच! तिनं शेवटचे कागद काढून वाचले. हरजिंदर सिंग, लुधियाना: 'चाय मस्त रायते पन बाज हालते.' मुरुगन, सेलम: 'वरनात कधी कधी मीठ कमी पडते. बाई लय मेहनत करते.' त्याखाली बंगालचा एक, गुजरातचा एक. सतरा मुलखांतली सतरा माणसं, आणि सगळी एकजात इकडच्या झाडीबोलीत बोलणारी. मोबाईल नंबर सगळे भैयालालच्याच नंबरासारखे, फक्त शेवटचे दोन आकडे वेगळे. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. पाचवीनंतर पेन न धरलेल्या माणसानं सतरा कागद भरले होते.

ते कागद घेऊन ती चुलीजवळ आली.

"बाबूजी, हा मुरुगन कोन व्हय?"

"असन कोनी. रोज किती जन येतात," भैयालाल कांदा कापत म्हणाले.

"सेलमचा मानूस आपल्यासारखा बोलते?"

सुरी थांबली. "मंग का करू? शंभर नाही तं नापास, तूच सांगतली. सतरा कागदापायी सालभर घरी बसशीन का? सगळेच करतात."

"तुमच्या सतरा जनायनं चाय लिहिली, वरन लिहिला. गाडी दिसत नाही हे एकानंबी नाही लिहिला. कारन ते तुमालेच माहीत नाही," पुष्पांजली म्हणाली. "असे कागद मी पोत्यानं आनून देल्ली तरी खोटेच. त्र्याऐंशीवर नापास झाली तं होईन. पुन्हा देईन."

तिनं सतराही कागद चुलीत घातले. जाळ चांगला झाला होता, सुशीलाबाईनं त्यावर पोळी टाकली. मग पुष्पांजलीनं एक कोरा फॉर्म वडिलांपुढे ठेवला.

"आता एक भरा. तुमच्या नावाचा. ढाबामालक म्हनून."

सतरा फॉर्म सहज भरणाऱ्या भैयालालना तो एक भरायला अर्धा तास लागला. त्यांनी लिहिलं होतं, 'मले वाटे लोक जेवनासाठी थांबतात. आता माहीत नाही.' पुष्पांजलीनं तो सगळ्यात शेवटी लावला आणि अहवालात आकडा लिहिला: चालक त्र्याऐंशी, ढाबामालक एक.

तोंडी परीक्षेला नागपूरहून एक पिकल्या केसांच्या बाई आल्या होत्या. भुपेंद्र बाहेर आला तो घामानं निथळत. "अरे यार, मॅडम फोन लगाके देख रही है! माझा एक नंबर लागलाच नाही, आणि दुसरा ब्यूटी पार्लरचा निघला."

पुष्पांजली आत गेली. बाईंनी अहवाल चाळला.

"चौऱ्याऐंशी का? सूचना शंभरची होती."

"एवढेच मिळाले, मॅडम."

हिमांशू सर टेबलाकडे बघत राहिले. बाईंनी गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा फॉर्म उपसला, नंबर लावला आणि मोबाईल स्पीकरवर टाकला. पुष्पांजलीनं ओळखला, तो वडिलांचा फॉर्म होता. एवढ्या नंबरांमधून नेमका तोच! वडिलांना ती पुरती ओळखत होती. पोरीसाठी ते आत्ता हरजिंदर झाले असते, मुरुगन झाले असते, ही पोरगी कोण मला ठाऊक नाही असंही म्हणाले असते.

"कोन बोलून रायले?" मागे ट्रकचा हॉर्न वाजला.

"मी विद्यापीठाकडून परीक्षक बोलते. प्रोजेक्टचा फॉर्म तुम्ही भरला होता?"

पलीकडे सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हो. भरलो."

"पुष्पांजली कापगते तुमच्या कोण?"

भैयालाल म्हणाले, "पोरगी व्हय माही. आता ऐकून घ्या मॅडम. घरचा एकच आहे, हा. आधी मी सतरा खोटे भरलो होतो. तिनं चुलीत घातली. नापास करायचा असन तं मले करा. तिचे त्र्याऐंशी खरे आहेत, एकेकाले फोन लावा." मग म्हणाले, "आनि आज सकाळी बाजा मी समोर आनलो, रस्त्याकडं. तवापासून गाड्या जास्त थांबून रायल्या."

बाईंनी फोन ठेवला. "बाजा म्हणजे?"

"खाटा, मॅडम." पुष्पांजली म्हणाली. बाजा हलवल्याचं तिलाही आत्ताच कळत होतं. सकाळी ती एसटीत चढली तेव्हा त्या मागे आंब्याखालीच होत्या.

हिमांशू सर खाकरले. "मॅडम, उरलेले सोळा आठवडाभरात मॅनेज करून घेऊ."

"उरलेले सोळा आणू नका," बाई पुष्पांजलीकडे बघत म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. "बाकीच्यांचे शंभर मात्र मला पुन्हा बघायचे आहेत, सर."

संध्याकाळी ती एसटीतून उतरली तेव्हा चारही बाजा रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या होत्या आणि दोन भरलेल्या होत्या. भैयालाल रुमालानं हात पुसत रस्त्यापर्यंत आले. सकाळपासून जेवले नसावेत.

"झाला का मॅनेज?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबूजी," पुष्पांजली म्हणाली. "पास झाली."