रकान्यातले एकशेदहा-सत्तर

मित्रांनो, मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. गावात मला 'बीपीचं मशीन' म्हणतात. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात माझी अठरा वर्षं गेली. गावाचं नाव मी सांगणार नाही. माझी कहाणी ऐकलीत की तुम्हीही ते विचारणार नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका कारागिराने काचेच्या नळीत पारा भरला, नळीशेजारी शून्यापासून तीनशेपर्यंत रेघा आखल्या, कापडी पट्टा आणि रबरी फुगा जोडला आणि मला पत्र्याच्या पेटीत बसवलं. झाकण लावताना तो म्हणाला, "खरं तेच सांगत जा बाबा." तो हे प्रत्येक यंत्राला म्हणत असेल, पण मी ते फार मनावर घेतलं. त्यामुळे माझा स्वभाव थोडा ताठ आहे, हे मला कबूल आहे.

दवाखान्यात मी स्नेहल सिस्टरच्या हाती पडलो, हे माझं भाग्य. दंडाला पट्टा गुंडाळला की ती स्वतः गप्प राहायची आणि समोरच्यालाही गप्प करायची. "बोलू नका मावशी, मशीन ऐकतंय." आणि मी खरंच ऐकायचो. उसाच्या पाचटाने ओरखडलेले दंड, कुरकुंभच्या कंपनीतून पाळी संपवून आलेले दंड, नव्या हिरव्या बांगड्यांचे कोवळे हात, सगळ्यांची धडधड मला ओळखीची झाली. माझा पट्टा उसवला तेव्हा सिस्टरने घरून निळा दोरा आणून तो शिवला. ती शिवण अजून आहे.

एकदा पुतळाबाईंच्या गरोदर सुनेचं डोकं दुखत होतं. माझा पारा एकशेसत्तरवर थांबला. सिस्टरने तिला तशीच जीपमध्ये घालून शिरूरला पाठवलं. गरोदर बाईचा रक्तदाब चढला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं, पण वेळेत कळलं तर दोघं वाचतात. ती दोघं वाचली. बारशाला पुतळाबाईंनी पेढे वाटले आणि एक पेढा माझ्या पेटीवर ठेवला. इतका मान मला कुणी दिला नव्हता.

मग मागच्या वर्षी आमच्या दवाखान्याची गुणवत्ता तपासणी ठरली. रुग्णांना सेवा कशी मिळते याला गुण मिळणार होते, आणि गुण चांगले पडले तर प्रमाणपत्र. आमचे सत्यजीत डॉक्टर तरुण, कामाला वाघ. त्यांनी भिंती रंगवून घेतल्या, नर्सरीतून कुंड्या आणल्या, हात धुण्याच्या पायऱ्यांची पाटी लावली. यादीत एक ओळ होती : पाऱ्याची उपकरणे नसावीत. पारा सांडला तर विषारी असतो, तेव्हा ते काही चूक नव्हतं. माझ्या जागी नवं डिजिटल मशीन आलं. पण तपासणी होईपर्यंत ते कोरं दिसायला हवं, म्हणून त्याचा खोकासुद्धा फोडायचा नाही असं ठरलं. मला अडगळीच्या खोलीत फिनेलच्या कॅनमागे ठेवलं. दार नीट लागत नव्हतं. फटीतून मला सिस्टरचं टेबल दिसत होतं.

तपासणी गुरुवारी होती. मंगळवारी गरोदर बायकांचा दिवस आला. पार्वतीबाईंची दीक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना होता. तिचा नवरा सुमित शिक्रापूरच्या एका कंपनीत कामाला.

"ताई, दोन दिस झालं डोकं लय ठणकतंय," दीक्षा म्हणाली. "आन् ही जोडवी बघा की, निघंनातच."

सिस्टरने तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं. मग टेबलावर माझ्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मी पेटीत बसून नुसता तळमळत होतो. ती डॉक्टरांच्या दाराशी गेली.

"सर, जुनं मशीन काढू का थोडा वेळ? एका पेशंटचं घ्यायला हवं."

"सिस्टर, सगळं आवरून झालंय. आता पुन्हा पसारा नको," डॉक्टर कागदांतून वर न बघता म्हणाले. "दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे. आणि रजिस्टरमध्ये एकही रकाना रिकामा ठेवू नका. रिकाम्या रकान्याला गुण कापतात."

दीक्षाचं डोकं दुखतंय, हे सिस्टरने त्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते तिलाही अजून कळलेलं नाही. ती परत आली. मागच्या महिन्याचा आकडा पाहिला आणि रजिस्टरमध्ये आणि दीक्षाच्या कार्डावर तोच उतरवला, एकशेदहा-सत्तर, म्हणजे अगदी ठीक. अठरा वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

"शुक्रवारी परत ये हं. नक्की ये," ती म्हणाली.

"येते की, ताई."

गुरुवारी तपासणीला आलेल्या बाईंनी रजिस्टर पान अन् पान उलटून पाहिलं. "एकही रकाना रिकामा नाही," त्या म्हणाल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रुग्णांशी त्या दोन शब्द बोलल्या, पण त्या दिवशी दीक्षा दवाखान्यात नव्हती.

शुक्रवारी सकाळीच सिस्टरने मला बाहेर काढलं, पुसलं आणि खिडकीत ठेवून वाट पाहत बसली. दीक्षा आली नाही. शिपाई संपतमामा आले.

"शिस्टर, पार्वतीबायची पोर गेली वो. काल दुपारी झटकं आलं. पुण्याला न्हेत व्हते, शिक्रापूरच्या चौकात ट्रकांमंदी गाडी अडकली. दवाखान्यात पोचाया लय उशीर झाला, पोट चिरून बाळ तेवढं वाचिवलं. मुलगी हाय."

सिस्टरने रजिस्टर उघडून मंगळवारचं पान काढलं. माझ्या काचेतला पारा शून्यावर होता. मला रडता येत नाही, मित्रांनो, नाहीतर त्या दिवशी मी फुटलो असतो.

दोन महिन्यांनी पार्वतीबाई नातीला लस द्यायला आल्या. प्रमाणपत्र तोवर चौकटीत बसून भिंतीवर लागलं होतं. त्यांनी पदरातून दीक्षाचं कार्ड काढलं.

"शिस्टर, तुमच्यावर बोल न्हाई बरं का. तुम्ही तर मोजलं व्हतं. जावायांनी वाचून दावलं, समदं बरोबर हाय. हितनं गेली तवा पोर धडधाकट व्हती, येवढंच सुख. म्हून ह्ये मी उशाला ठिवती."

सिस्टरने हातातली लशीची सिरिंज खाली ठेवली. खरं सांगतो, एवढा खऱ्याचा तोरा मिरवणारा मी, पण त्या क्षणी मलाही वाटलं की हिने गप्पच बसावं. त्या आईकडे तेवढाच तर आधार उरला होता.

"मावशी," सिस्टर म्हणाली, "त्या दिवशी मी मोजलंच नव्हतं. नुसतं लिहिलं."

पार्वतीबाई कार्डाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "मंग किती व्हतं वो तिला?"

"माहीत नाही, मावशी."

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, नातीला छातीशी धरलं आणि त्या निघून गेल्या. आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

ते कार्ड सिस्टरने माझ्या पेटीत ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी तिने झालेलं सगळं लिहून वर पाठवलं, खाली सही केली. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. नवं मशीन आता रोज काम करतं. ते हुशार आहे, माझा त्याच्यावर राग नाही. माझं नाव मोडीत काढायच्या यादीत गेलं आहे.

जाण्याआधी एवढंच मागतो, मित्रांनो. मोठेपणी तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी सिस्टर, कुणी तपासणीला येणारे साहेब. मोजलं नसेल, तर रकाना रिकामाच राहू द्या. त्याला पाहून निदान कुणीतरी विचारेल, कुणीतरी उठून पट्टा बांधेल. मला त्या मंगळवारी पाच मिनिटं मिळाली असती, तर पार्वतीबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं असतं. आता ते कुणालाच देता येणार नाही.