माझ्याकडेच राहील

"पासपोर्ट दे बघू. मी सांभाळून ठेवते," बाईंनी हात पुढे केला.

समोरची पोरगी ओशाळं हसली आणि हातातला पुठ्ठ्याचा खोटा पासपोर्ट त्यांच्या तळहातावर ठेवून मोकळी झाली.

"झालं! गेलीस कामातून!" बाई कडाडल्या. "आता परत कशी येणार? उडत?"

परदेशात आजारी माणसं सांभाळायला निघालेल्या बायकांना शहाणं करून सोडणं, हे बाईंचं काम. मुदत आधी तपासा, झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा, वकिलातीचा नंबर तोंडपाठ करा, परक्या घरात शिरताना बाहेरची वाट बघून ठेवा. आणि शेवटी हे नाटक. बाई मालकीण होऊन पासपोर्ट मागायच्या आणि समोरचीनं न अडखळता म्हणायचं, "नको. माझा आहे, माझ्याकडेच राहील." जिला जमलं, तिला बाईंनी स्वतः शिवलेली कमरेची पिशवी मिळायची. दरारा असा, की शिपाईसुद्धा त्यांच्यापुढे चहा ठेवून हळूच सटकायचा.

घरी मात्र बाईंची डाळ शिजत नव्हती. लेक परदेशी, तिचे दिवस भरत आलेले. "आई, कधी येतेस गं? इथं माझं कोणी नाही," रोजचा फोन. आणि बाईंचा पासपोर्ट नवऱ्याच्या लोखंडी कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. "हरवशील कुठेतरी. माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणत त्यानंच तो ठेवून घेतलेला. मागितला की तो म्हणायचा, "बघू." धड हो नाही, धड नाही नाही. भांडायचं तरी कशाशी? लेकीला काय सांगावं, या विचारानं बाईंचा जीव गुदमरायचा.

"बाई, तुम्ही मालकीण झालात की माझी बोबडीच वळते," ती पोरगी आता म्हणाली. "एकदा मी मालकीण होते, तुम्ही मी व्हा ना."

बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आण इकडे. हरवशील कुठेतरी. माझ्यावर विश्वास नाही का?"

शब्द न् शब्द नवऱ्याचा! बाईंनी "नको" म्हणायला तोंड उघडलं, पण हात आपोआप पुढे झाला आणि पुठ्ठा पोरीच्या हातात गेला.

"बाई, तुम्हीसुद्धा गेलात कामातून!" एकच हशा उसळला. बाईही हसल्या. पण आत त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी चपलाही न काढता त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"माझा पासपोर्ट द्या."

"बघू," तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

"बघू नाही. आत्ता."

"अगं, माझ्यावर विश्वास नाही का?"

"त्याचा इथं काय संबंध? माझा आहे, माझ्याकडेच राहील." आवाज कापला, पण पुढे केलेला हात त्यांनी खाली घेतला नाही. तो पुटपुटत उठला आणि त्यानं कपाट उघडलं.

सवयीप्रमाणे बाईंनी आधी मुदत पाहिली. ती गेल्याच वर्षी संपली होती. नवा निघेपर्यंत लेक एकटीच बाळंत होणार होती. बाई मटकन खाली बसल्या, त्यांना रडूच कोसळलं.

नवऱ्यानं वाकून पाहिलं. "बघ, उगाच आकांडतांडव! आता काय उपयोग त्याचा? आण इकडे, ठेवून देतो."

बाईंनी डोळे पुसले. पर्समधून एक कमरेची पिशवी काढली, पासपोर्ट आत सरकवला, नाडी कमरेला गुंडाळून घट्ट गाठ मारली.

"नको," त्या म्हणाल्या. या वेळी त्या अडखळल्या नाहीत.