गोर्दाचं खरं वजन

मी गोर्दा. म्हणजे स्पॅनिशमध्ये जाडी. हे नाव मला कुणी लाडानं ठेवलेलं नाही, मी आहेच तशी. चार इंजिनं, काचेचं नाक, आणि जमिनीवर उभी राहिले की शेपूट खाली टेकलेलं. पण मला हात लावायला जाल तर हाताला काही लागणार नाही. मी बोलिव्हियात, उंचावरच्या एल आल्तो शहरातल्या एका घरात, विल्माच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. घरबसल्या विमान चालवायचा खेळ असतो ना, त्यातलं मी एक विमान आहे.

माझ्याआधी एक खरी गोर्दा होती. ती महायुद्धात बॉम्ब टाकायला जन्माला आली होती. युद्ध संपल्यावर या हातातून त्या हातात जात ती बोलिव्हियाला पोचली. इथे तिच्या बंदुका काढल्या, बॉम्ब टांगायच्या जागी आकडे ठोकले आणि त्यांना कापलेली गुरं लटकवली. खालच्या कुरणांवरून मांस भरायचं, डोंगराची खिंड ओलांडायची आणि वर एल आल्तोला उतरवायचं, हे तिचं काम.

विल्मा तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवते. तिचा बाप, डॉन एलेउतेरिओ, त्या गोर्दावर मेकॅनिक होता. विल्मा त्याला ताता म्हणते. मला घडवायला दोघांना दोन वर्षांचे रविवार लागले. फोटो होते अवघे तीन. बाकी सगळं तातानं डोक्यातून काढून दिलं.

"हे काय केलंस?" तो विचारायचा. "इतकी चकचकीत? लग्नाला निघालीय का ही?"

"मग काय करू, ताता?"

"तेल ओघळू दे. तिसऱ्या इंजिनाखाली जरा जास्त. ते जन्माचं रडकं."

त्या इंजिनाचा आवाज कुठे मिळेना, तेव्हा विल्मानं ताताचा खोकला रेकॉर्ड केला आणि मला बसवला. तेव्हापासून माझं तिसरं इंजिन ताताच्या छातीतून खोकतं. असे ते दिवस मजेत गेले.

मग एका रविवारी विल्मानं विचारलं, "ताता, शेवटच्या फेरीला माल किती होता?"

ताता गालात कोकाची पानं धरून बसला होता. मग जे बोलला, ते त्यानं पन्नास वर्षांत कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी गावच्या सणाचं यजमानपद ताताकडे होतं. सगळ्या गावाला जेवू घालायचं होतं. माल भरून झाला होता, तरी तो कॅप्टन रोमुलोला म्हणाला, "मी उतरतो. माझ्या जागी माझी दोन गुरं घे. मी मागच्या विमानानं येतो." रोमुलो हसला, हो म्हणाला. गोर्दा खिंडीवर आपटली. आत होते ते सगळे गेले. जास्तीच्या गुरांची कुठे नोंद नव्हती, मग बोल रोमुलोवर आला. लोक म्हणाले, प्यायला असेल.

"त्या दोन गुरांसकट हिला खिंडीतून ने, विल्मा," ताता म्हणाला. "मला बघायचंय."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. माझ्या पंखांवर एका म्हाताऱ्याचा न्याय ठेवला होता. पार झाले तर दोष रोमुलोचा, आपटले तर ताताचा.

सोमवारी ताता दवाखान्यात गेला असताना विल्मानं मला एकटीनंच उडवून पाहिलं. दोन गुरं कमी करून मी खिंड पार केली, कशीबशी. गुरं चढवली आणि मी आपटले. तिनं पाच वेळा उडवलं, पाचही वेळा आपटले. डोक्याला हात लावून ती बसून राहिली. मग तिनं माझी फाइल उघडली, माझ्या वजनाचा आकडा शोधला आणि त्यातले पाचशे किलो पुसले.

बाहेरून मी तीच होते, तेच ओघळ, तेच पोचे. पण मी खोटी झाले होते, आणि मला तोंड नव्हतं. पुढचे सहा दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक.

रविवारी ताता चष्मा पुसून बसला. जॉयस्टिक धरून त्यानंच मला पळवली, उचलली, वर चढवली. खिंड पोटाखालून आरामात निघून गेली. विल्मानं टाळ्या वाजवल्या. "बघा, ताता! तुमचा काही दोष नव्हता!"

ताता हसला नाही. "म्हणजे रोमुलो प्यायला होता म्हणायचा?"

तातानं पडद्यावर बोट ठेवलं.

"धावपट्टीच्या टोकाला आंब्याचं झाड आहे ना, तूच चितारलंयस. आमची जाडी त्या आंब्यापर्यंत जमीन सोडायची नाही. ही अलीकडेच उठली. पोरी, हिला उपाशी ठेवलंयस तू."

विल्माला रडू फुटलं. "तुम्हाला असं कुढताना मला बघवत नव्हतं हो."

"मला तरी कुठे बघवतंय? पण त्याची बायको आहे अजून, खाली कुरणांकडच्या त्रिनिदाद गावात. पन्नास वर्षं लोक तिला बेवड्याची बायको म्हणतायत. आकडा परत घाल."

तिनं घातला. खरं सांगते, इतकी भीती वाटत असतानाही मला बरं वाटलं. मी आंब्यापाशी जड होऊन उठले. ताताच्या खोकल्यानं खोकत वर चढत राहिले. खिंड जवळ आली. तातानं शेवटपर्यंत जॉयस्टिकवरचा हात काढला नाही. मग पडदा थांबला.

"असंच झालं असणार," तो हळूच म्हणाला. "माफ कर, रोमुलो." त्यानं दारूचा पेला उचलला, चार थेंब धरणीमातेला आणि मित्राला म्हणून जमिनीवर शिंपडले. विल्मानं घाईघाईनं कीबोर्ड बाजूला सरकवला.

दुसऱ्या दिवशी तो त्रिनिदादच्या बसमध्ये बसला. आज चौथा दिवस. विल्मा मला पडद्यावर उभी करून ठेवते, पण इंजिनं सुरू करत नाही. तिचं सगळं लक्ष फोनकडे. त्या बाईनं दार उघडलं असेल का? ऐकून घेतलं असेल का? ऐंशी वर्षांच्या माणसानं एवढा घाट उतरून जायचं, आणि ती त्याला उंबऱ्यावरूनच हाकलून देईल का? मला काही कळायला मार्ग नाही.

उद्या विल्मा मला इतरांनाही वाटून देईल, मी तुमच्याही घरी येईन. गुरं चढवून तुम्ही मला खिंडीत न्याल, मी आपटेन, तुम्ही चिडाल आणि माझ्या वजनाचा आकडा शोधाल. तो सापडतो, फार कठीण नाही. पण हात जोडून सांगते, बाबांनो, माल कमी भरा. मला हलकी करू नका.