रुख्मिणीचं गिऱ्हाईक

विजयमालाच्या वहीत गिऱ्हाइकांचे चार प्रकार लिहिलेले होते. भिणारं, मिरवणारं, शेजारणीचं बघून घेणारं आणि नाही म्हणता न येणारं. परभणीच्या एका मंगल कार्यालयात कंपनीचं प्रशिक्षण झालं, तेव्हा चंद्रभान सरांनी ते फळ्यावर लिहून दिले होते. "माणूस वस्तू घेत नसतो," सर म्हणाले होते, "त्याला आपली काळजी कुणाच्या तरी हाती द्यायची असते. ती काळजी कुठली, ते आधी ओळखा." विजयमालाने हे वाक्य लाल पेनाने अधोरेखित केलं होतं.

वालूर गावात या कंपनीचा माल पहिल्यांदा तिनेच आणला. गुडघेदुखीचं तेल, ताकदीची पावडर, चेहऱ्याची क्रीम, दंतमंजन. ती बारावी शिकलेली, बोलण्यात हुशार. नवरा रामप्रसाद मानवतला आडतीवर मुनीम, सकाळी गाडीवर जायचा तो दिवे लागताना परतायचा. दिवसभर विजयमाला मोकळी. पहिल्या वर्षी माल चांगला खपला. नणंदेने घेतला, चुलत जावांनी घेतला, गल्लीतल्या बायकांनी घेतला. पण सगळ्यांनी एकदाच घेतला, पुन्हा कुणी मागितला नाही. तिच्या खांद्याला पिशवी दिसली की बायका दारातूनच म्हणायच्या, "आत्ता गिरणीत जायलेव बघा."

म्हणून तिने रुख्मिणीला आपल्या हाताखाली कंपनीत घेतलं. रुख्मिणी पलीकडच्या गल्लीत ब्लाऊज शिवायची. सातवी शिकलेली, बोलायला सावकाश. पण तिच्याकडे रोज बायका यायच्या, एवढंच विजयमालाने हेरलं होतं. कंपनीचा नियमही सोयीचा होता. रुख्मिणीने काही विकलं, की त्यातले थोडे पॉइंट, म्हणजे पुढे पैसेच, आपोआप विजयमालाच्या नावावर चढायचे.

चार महिन्यांत रुख्मिणी तिच्या पुढे गेली.

खरं तर विजयमालाला आनंद व्हायला हवा होता. मोबाइलवर पॉइंट वाढल्याचा मेसेज यायचा, तो रुख्मिणीच्या विक्रीचा असायचा. पण मेसेज वाजला की विजयमालाच्या छातीत काहीतरी गरम सरकायचं. दुपारी ती उगीच त्या गल्लीतून जायची आणि रुख्मिणीच्या दारातल्या चपला मोजायची. पाच जोड. कधी सात. तिच्या स्वतःच्या दारात आठवडाभर परकी चप्पल काढलेली नसायची.

"तुझंच तर भलं व्हायलंय," रामप्रसाद जेवताना म्हणाला. "ती राबायली, तुला घरबसल्या मिळायलंय. तोंड कशाला पाडायलीस?"

"तिला कुणी आणलं? मीच ना?"

"मग तेच तर म्हणायलोय."

त्याला कळणार नव्हतं. तिने त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली आणि विषय सोडला.

एके दिवशी ब्लाऊजपीस घेऊन ती रुख्मिणीकडे गेली. माप द्यायचं निमित्त होतं. बघायचं होतं, की ही बाई नेमकं काय करते.

"या ताई," रुख्मिणी उठली. तिने खुर्ची पुसून दिली. "तुमी कशाला आलात, मीच आले असते की."

तेवढ्यात सुलाबाई आल्या. साठीतली बाई, सात-आठ वर्षांपासून साखरेचा आजार. रुख्मिणीने त्यांच्या दंडाला टेप लावला आणि तिथेच थांबली.

"मावशी, मागच्या मापाला दंड भरलेला होता. लय उतरलात तुमी. जेवता का न्हाई?"

बस्स, एवढं म्हटलं आणि सुलाबाई खाली बसल्या. गोळ्यांनी तोंडाची चव गेली, सकाळी एक, दुपारी एक, रात्री दोन, जीव विटला, लेक भागवत कामात असतो, सून माहेरी गेली, एकटीला चूल पेटवावीशी वाटत नाही, असं पुष्कळ बोलल्या. रुख्मिणी काज करत ऐकत होती. मध्येच "हं" म्हणत होती. विजयमालाच्या मनात सरांचे शब्द आले. भिणारं गिऱ्हाईक. हीच वेळ. आता डबा पुढे कर.

"ती तुझी पावडर घेऊ का गं?" सुलाबाईंनीच विचारलं. "साखर जाती का तिनं?"

"न्हाई मावशी, साखर बिखर काई जात न्हाई. ती ताकदीची हाय. आन् तुमच्या आजाराला चालती का न्हाई, ते डॉक्टरला डबा दाखवून विचारा. गोळ्या मातर बंद करायच्या न्हाईत." ती हसली. "त्यापरीस उद्या दुपारी हिकडंच या जेवायला. मी बी एकलीच असते."

सुलाबाई गेल्या. दोन दिवसांनी डॉक्टरांना विचारून आल्या आणि छोटा डबा घेऊन गेल्या. सोबत सुनेसाठी क्रीम, भागवतसाठी दंतमंजन. विजयमालाच्या मोबाइलवर मेसेज वाजला.

तिने त्या दुपारी वहीत लिहिलं, 'आधी घेऊ नका म्हणायचं. मग गिऱ्हाईक स्वतः मागतं.' दुसऱ्या दिवशी ती बायनाबाईकडे गेली. बायनाबाई बचत गटाची अध्यक्ष, गुडघे धरून बसणारी. विजयमालाने तेलाची बाटली पिशवीतून अर्धी बाहेर काढली आणि परत आत टाकली. "तुमाला काई हे नको बायनाकाकू," ती म्हणाली. "उगी कशाला."

"बरं," बायनाबाई म्हणाली, आणि शेंगा फोडत राहिली.

विजयमाला दहा मिनिटं बसली. शेंगा खाऊन परत आली.

मग परभणीत कंपनीचा मेळावा झाला. स्टेजवर रुख्मिणीचं नाव पुकारलं. चंद्रभान सरांनी तिला हार घातला आणि माईक दिला. रुख्मिणीने माईक दोन्ही हातांनी धरला. "मला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "मला हितं विजयमालाताईंनी आणलं. त्यांच्यामुळं हाय सगळं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. विजयमालानेही वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शिवीला उत्तर देता येतं.

परतीच्या बसमध्ये रुख्मिणी तिच्या शेजारी हार मांडीवर घेऊन झोपली. विजयमाला सेलूपर्यंत टक्क जागी होती.

पुढच्या सोमवारी बचत गटाची बैठक होती. रुख्मिणीला ताप होता, ती आली नव्हती. सुलाबाईही नव्हत्या. विजयमालाने आधी काही ठरवलं होतं, असं तिला नंतर कधी मान्य करता आलं नाही. पण कसं बोलायचं, ते तिला नीट माहीत होतं. रागाने बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. काळजीने बोलणाऱ्याचं सगळे ऐकतात.

"मी कुणाचं वाईट बोलत न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "रुख्मिणी माझीच हाय. पण मला लय फिकीर लागली. ती सुलामावशीला म्हणली म्हणं, पावडर घ्या आन् शुगरच्या गोळ्या बंद करा. काई बरंवाईट झालं तर?"

एकीने तोंडावर पदर धरला. बायनाबाईने डोळे मोठे केले. वर्षभरात विजयमालाने एवढं चांगलं काही विकलं नव्हतं.

आठवड्यात दोघींनी रुख्मिणीला बाटल्या परत केल्या. एकीने शिवायला टाकलेलं कापड न शिवताच नेलं. विजयमाला रोज त्या गल्लीतून गेली. दारात दोन जोड. मग एक. तिला रात्री शांत झोप लागली. मोबाइलवर मेसेज येणं थांबलं, तिचे स्वतःचे पॉइंट घसरले, तिच्याही एका जुन्या गिऱ्हाइकाने "नको आता ते कंपनीचं" म्हणून हात जोडले. तरी तिला बरंच वाटत होतं.

ते बोलणं फिरत फिरत सुलाबाईंपर्यंत पोचलं. पोचवलं बायनाबाईने, सावध करायला म्हणून. "रुख्मिणी पावडरीवर गोळ्या बंद करा म्हणायली, ऐकू नका तिचं." पण सुलाबाईंनी त्यातलं भलतंच उचललं. गोळ्या बंद होतात. रुख्मिणीने आपल्याला तसं सांगितलं नाही, ते डॉक्टरच्या भीतीने असेल. दुसऱ्या बायकांना तर सांगते आहे. सात-आठ वर्षं ज्याची वाट पाहिली, ते कुणीतरी बोललं होतं. त्यांनी गोळ्यांची पाकिटं फडताळात मागे सरकवली आणि सकाळ-संध्याकाळ पावडर घेऊ लागल्या.

बाराव्या दिवशी त्या न्हाणीत पडल्या. भागवतने गाडी करून त्यांना सेलूच्या दवाखान्यात नेलं. साखर एवढी चढली होती, की डॉक्टर त्याच्यावरच ओरडले. गोळ्या कुणी बंद केल्या?

गावातलं बोलणं भागवतच्याही कानावर आलं होतं, दुपारी तो पावडरचा डबा घेऊन रुख्मिणीच्या दारात उभा राहिला. सगळी गल्ली बाहेर आली. विजयमाला कोपऱ्यावर होती.

"माझी माय मारायली होतीस का?" भागवत ओरडला. डबा त्याने अंगणात आपटला. पांढरी पावडर मशिनच्या पायापर्यंत उडाली.

"मी न्हाई म्हणले दादा," रुख्मिणी म्हणत होती. "शप्पथ घेते, मी बंद करू नका म्हणले होते. ताई होत्या ना तवा. इचारा त्यांना. ताई, सांगा की!"

तिने कोपऱ्यावर विजयमालाला पाहिलं होतं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

त्या क्षणी विजयमालाला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर गोड वाटलं. रुख्मिणीचा तो रडवेला चेहरा, विस्कटलेले केस, सगळ्या बायकांच्या नजरा. तेवढं एक क्षणच वाटलं. मग ती पाठ फिरवून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती सेलूला दवाखान्यात गेली. सुलाबाई खाटेवर बसल्या होत्या, हाताला सलाईन. बायनाबाई उशाशी होती.

"रुख्मिणीला बोल लावू नका गं," सुलाबाई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता. "तिनं मला न्हाईच म्हणलं होतं. मीच ऐकीव बोलण्यावर गेले. मला तसंच ऐकायचं होतं."

"कुणाचं ऐकलं, मावशी?" विजयमालाने विचारलं. विचारायला नको होतं.

सुलाबाईंनी बायनाबाईकडे पाहिलं. बायनाबाईने विजयमालाकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

बाहेर व्हरांड्यात भागवत चहाचा कप घेऊन उभा होता. विजयमाला त्याच्यासमोर गेली. "भागवत, रुख्मिणी असं काई म्हणली न्हाई. मी खोटं बोलले. गटात बोलले. तिथून हे झालं."

भागवतला आधी कळलंच नाही. मग त्याने कप कठड्यावर ठेवला. "तुमी?" तो म्हणाला. "तुमचं काय वाकडं केलं होतं तिनं?"

तो आत निघून गेला.

गटाची पुढची बैठक बायनाबाईने मुद्दाम रुख्मिणीला बोलावून घेतली. विजयमालाने सगळ्यांसमोर सांगितलं. उभी राहून, जमिनीकडे पाहत. कुणी शिव्या दिल्या नाहीत. पार्वतीबाई नावाची एक म्हातारी फक्त उठून दुसरीकडे जाऊन बसली.

मग रुख्मिणी म्हणाली, "ताई, माझ्या विक्रीचं तुमाला मिळत होतं. मी बुडाले तर तुमी बी बुडणार, हे तुमाला माझ्यापरीस जास्त कळत होतं. मग कशापायी?"

विजयमालाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्याकडं बाया येऊन बसायच्या," ती म्हणाली. "मला बघून उठायच्या."

रुख्मिणीने मान हलवली. माफ केलं असं नाही. ऐकलं, एवढंच.

सुलाबाई पाच दिवसांनी घरी आल्या. भागवत रुख्मिणीच्या घरी जाऊन हात जोडून आला. रुख्मिणीने कंपनी सोडली. शिवणाच्या बायका मात्र हळूहळू परत आल्या. विजयमालाला सोडावी लागली नाही, तिच्या हातून माल घेणारं गावात कुणी उरलंच नव्हतं. चंद्रभान सरांचे दोन फोन आले. तिने उचलले नाहीत. रामप्रसादला सगळं कळलं तेव्हा तो दोन दिवस आडतीवरच जेवला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बी-बियाणाच्या दुकानात बाई पायजे म्हणायलेत, बघ." ती तिथे बसू लागली.

दिवाळीच्या आधी ती सेलूला जायला एसटीत चढली. गाडी भरलेली होती. एकच जागा रिकामी होती, रुख्मिणीच्या शेजारी. विजयमाला दांडा धरून उभी राहिली. रुख्मिणीने तिच्याकडे न पाहता पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकली. विजयमाला बसली.

पुढच्या फाट्यावर एक अनोळखी बाई चढली, कडेवर पोर, आणि त्यांच्या बाकाजवळ उभी राहिली. रुख्मिणीने ते पोर मांडीवर घेतलं. "नाव काय गं हिचं?" एवढंच विचारलं. दहा मिनिटांत ती बाई आपल्या सासूचं, नवऱ्याचं, यंदा ऊसतोडीला जायचं का नाही त्याचं सगळं सांगू लागली. रुख्मिणीच्या खांद्याला खांदा लागून बसलेल्या विजयमालाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

विजयमालाच्या छातीत तेच गरम सरकलं. गेलं नव्हतं ते. तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की जाईल.

ती बाई सासूबद्दल बोलत होती. विजयमालाच्या जिभेवर चार शहाणपणाच्या गोष्टी आल्या होत्या. तिने ओठ मिटले आणि गाडी सेलूच्या स्टँडात शिरेपर्यंत ती ऐकत राहिली.