चाकातला आऊट

अण्णांच्या जुन्या मोटारसायकलचं मागचं चाक बांधायला घेतलं, तेव्हा बारकीने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. रिम गंजली होती, ती बदलणं भागच होतं. पण अण्णांना स्पोकही जाड हवे होते, साध्या गाडीला कुणी लावत नाही इतके. त्यासाठी चाकाच्या मधल्या हबची भोकं मोठी करा, स्पोक मापाने कापा, त्यांना आटे पाडा.

"अण्णा, गाडीवर काय सिमेंटची पोती वाहायची आहेत का?"

"मी सांगतो तेवढं कर!"

बारकी हे नाव लहानपणी चिकटलं ते चिकटलंच. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागले होते, आणि अण्णांचं चाकं बांधायचं दुकान तीच चालवत होती. अण्णांच्या डोळ्यांना डाव्या बाजूचं दिसेनासं झालं होतं. ते दाराच्या डाव्या चौकटीवर आपटायचे आणि वर चौकटीलाच झापायचे. डोळ्यांचं नाव काढायची घरात कुणाची टाप नव्हती.

आई एकदा डबा द्यायच्या निमित्ताने दुकानात आली.

"हे चाक नीट झालं की तुझे अण्णा गाडीवर बसणार, आणि आपण हॉस्पिटलच्या बाकावर. तू ते वाकडंच ठेव. डगडगलं की आपसूक नाद सोडतील."

"आई, दुकानाचं नाव आहे काही!"

"नाव राहू दे. मला नवरा हवाय."

बारकीपुढे इकडे आड, तिकडे विहीर. तिने आधी चाक सरळ बांधलं, कारण हाताला दुसरं काही येतच नव्हतं. मग उजव्या बाजूचे चार स्पोक सैल केले. चाकात आऊट आला. फिरवलं की रिम एका जागी बाजूला झुकायची. स्वतःच्या हाताने केलेलं ते वाकडं काम तिला बघवेना. तिने त्यावर फडकं टाकलं.

अण्णा आले आणि फडकं काढून चाकासमोर बसले. एका हाताने चाक फिरवलं, दुसऱ्या हाताचं नख रिमजवळ धरलं. दर फेरीला रिम नखाला घासून जात होती. त्यांनी चाक थांबवलं आणि एकेक स्पोक चिमटीत दाबून पाहिला.

"चार सैल आहेत. चारही सारखेच सैल."

बारकी फडक्याची घडी घालू लागली.

"चूक अशी शिस्तीत होत नाही, बारके. चुकून राहिले असते तर एक कमी सैल असता, एक जास्त. हे मुद्दाम केलंय. आईने सांगितलं?"

हो म्हटलं असतं तर ती सुटली असती. पण तिला ते जमलं नाही.

"सांगितलं आईने. पण हात माझा आहे. मलाही भीती वाटते, अण्णा. फार वाटते."

अण्णांनी हबवरचं तेल बोटाने पुसलं.

"जाड स्पोक कशाला, ते विचारलंस का?"

"विचारलं की! तुम्ही अंगावर आलात."

"येणारच. लाज वाटत होती." त्यांचा आवाज खाली आला. "मागे बसणाऱ्याचा भार मागच्या चाकावर येतो. तुझी आई पाप्याचं पितर, तिला जुने स्पोक पुरत होते. मला पुरतील का?"

बारकीला उमगायला क्षणभर लागला. मग तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला स्वतःचा रागही आला. इतके दिवस स्पोक कापले, पण हे काही डोक्यात शिरलं नाही.

"गाडी तू चालव," अण्णा म्हणाले. "रस्ता मला दिसत नाही आता. वारा तरी लागेल."

बारकीने आऊट काढला. संध्याकाळी आई रिकामा डबा न्यायला आली, तेव्हा चाक गाडीला चढलं होतं. अण्णा ते फिरवून दाखवत होते. रिम जागची हलत नव्हती. आईचा चेहरा पांढराफटक पडला. बारकीने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

आई खुर्चीवर बसली. पदराने तोंड पुसलं. मग तिने अण्णांकडे पाहिलं आणि ती बारकीला हळूच म्हणाली, "तुला घट्ट धरायला सांग हं यांना. यांना मागे बसायची सवय नाही."