सत्तावीस चाली

सर्वेश परबने हार्ड डिस्क नव्या लॅपटॉपला जोडली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. चार वाजता बाबांना मुलुंडच्या हॉस्पिटलात दाखल करायचं होतं आणि उद्या सकाळी आठला ऑपरेशन. रेडिएशनचे शेक देऊनही घशाचा कॅन्सर उलटला होता. आता डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. त्यानंतर श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून, आणि बोलणं, गाणं बंद.

सहदेव परब म्हणजे कांजूरमार्ग-भांडुपच्या भजनी मंडळांतले परबबुवा. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं वॉचमनची नोकरी केली, पण शनिवारचं भजन कधी सोडलं नाही. अभंगांना ते स्वतः चाली लावायचे. अशा सत्तावीस चाली होत्या. कुठे लिहिलेल्या नव्हत्या. सगळ्या त्यांच्या गळ्यात. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आवाजाची खात्री देत नाही म्हटलं, तेव्हा सर्वेशने चार रविवार फोन समोर ठेवून त्या सगळ्या रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. आवाज तेव्हा जाडसर झाला होता, पण लागत होता.

फोन भरला म्हणून फाइली ऑफिसच्या लॅपटॉपवर गेल्या. मग सर्वेशने नोकरी बदलली, लॅपटॉप परत द्यायची वेळ आली, म्हणून त्याने ऑनलाइन सेलमधून ही हार्ड डिस्क मागवली. आठ टीबी, बाराशे रुपये.

"एवढी स्वस्त?" श्वेताने, त्याच्या बायकोने, विचारलं होतं.

"सेल आहे गं."

आता त्याला त्या चाली फोनवर घ्यायच्या होत्या. हॉस्पिटलात पडल्यापडल्या बाबांना ऐकता येतील.

'बाबा' नावाचं फोल्डर उघडलं. सत्तावीस फाइली ओळीत दिसल्या. नावं बरोबर, साइज बरोबर. त्याने पहिलीवर क्लिक केलं. फाइल उघडता येत नाही, असं आलं. दुसरी. तेच. त्याने केबल काढून परत लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला. शेवटच्या फाइलीपर्यंत तेच आलं. मग त्याने सहज वरच्या फोल्डरमधला एक हिंदी पिक्चर लावून पाहिला. झकास चालला. दुसराही चालला.

आतल्या खोलीत आई बाबांची बॅग भरत होती. बाबा खुर्चीत बसून तिला खुणेने काय काय ठेव ते सांगत होते. सर्वेशने डिस्क खिशात घातली.

"जरा घाटकोपरला जाऊन येतो," तो श्वेताला म्हणाला.

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं?"

"फाइली उघडत नाहीयेत. बाबांना काही बोलू नकोस."

घाटकोपर पश्चिमेला एका गाळ्यात नंदू नावाचा माणूस बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून द्यायचा. पन्नाशीचा, कपाळावर भिंग चढवलेला. त्याने डिस्क हातात घेतली, तोलली, आणि काहीच न विचारता पातळ पट्टीने तिचं झाकण उचकटलं.

आत डिस्क नव्हतीच. अंगठ्याच्या नखाएवढं मेमरी कार्ड एका छोट्या पट्टीत बसवलं होतं, आणि वजन यावं म्हणून बाजूला दोन लोखंडी नट गोंदाने चिकटवले होते.

"चौसष्ट जीबीचं कार्ड आहे," नंदू म्हणाला. "आठ टीबी सांगायला शिकवलंय त्याला. अनुक्रमणिका हजार पानांची, वही साठ पानांची. साठ पानं भरली की पुढचं सगळं हवेत. नाव तेवढं लिहिलं जातं."

"पण कॉपी पूर्ण झाली होती. एकही एरर नाही आला."

"नाही येणार. ते खोटंच बोलतं."

"काढता येईल ना काहीतरी? किती दिवस लागले तरी चालतील. म्हणजे... आज लागेल."

नंदूने भिंग काढून ठेवलं. "हे बघा, पुसलं गेलं असतं तर मी काढून दिलं असतं. पाण्यात पडली असती तरी प्रयत्न केला असता. इथे लिहिलंच गेलं नाही. काय होतं त्यात?"

सर्वेशने सांगितलं.

"पहिल्यांदा काय कॉपी केलंत?"

"पिक्चर. क्रिकेटच्या मॅच. जे मोठं होतं ते आधी टाकलं, म्हटलं रात्रभर चालू राहील. बाबांचं शेवटी."

"कॉपी झाल्यावर एक तरी उघडून बघायची हो," नंदू म्हणाला. रागावून नाही म्हणाला, पण सर्वेशला तिथे उभं राहवेना.

फुटपाथवरूनच त्याने जुन्या ऑफिसात फोन लावला. लॅपटॉप त्याने परत केला त्याच आठवड्यात साफ करून दुसऱ्याला दिला होता. मग श्वेताला फोन केला.

"गेलं सगळं."

ती हळू आवाजात म्हणाली, "आज सांगू नकोस. उद्या एवढं मोठं ऑपरेशन आहे, बीपी वाढलं तर? होऊ दे सगळं, मग बघू."

"मग काय बघणार, श्वेता? उद्यानंतर आवाजच नाही."

"अरे, आता तरी कुठे आहे? चार शब्द बोलले की धाप लागते त्यांना."

त्याने रिक्षा पकडली. विक्रोळीला सिग्नलवर रिक्षा थांबून राहिली, आणि तो सारखा फोनवरचं घड्याळ बघत होता. सव्वाबारा. बारा वीस. न सांगणं सोपं होतं. बाबा बरे होऊन घरी येतील, महिन्याने कधीतरी विचारतील, तेव्हा सांगता येईल. पण आज दुपार हातात होती, आणि ती त्याने लपवून घालवली तर चालींनंतरची ती दुसरी चोरी झाली असती.

घरी पोचला तेव्हा बाबा पेज पीत होते. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि एका दमात सांगून टाकलं. डिस्क खोटी होती, मी तपासली नाही, एकही चाल राहिली नाही.

आई दारातच थांबली. बाबांनी वाटी खाली ठेवली. त्यांचा आवाज आता कागदावर कागद घासल्यासारखा यायचा. ऐकायला जवळ जावं लागे.

"सगळ्यो गेल्यो?"

"हो."

"आनि तुजे पिक्चर?"

सर्वेशला मान वर करता येईना. "ते आहेत."

बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या मानेची शीर उडत होती. श्वेता पुढे झाली तशी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"माका राग इलोहा," ते म्हणाले. "मगे बोलतंय. किती वाजले?"

"एक वाजतोय."

"दशरथाक बोलाव."

आई कळवळली. "अवो, डॉक्टरांनी बोला नको म्हणान सांगल्यानी ना?"

"फाल्या कापून टाकतलेच आसत. मगे राखान ठेवू कोनासाठी?"

दशरथ तांबे भांडुपला राहायचे. तीस वर्षं बुवांच्या मागे पखवाज वाजवलेला माणूस. वीस मिनिटांत आले, पखवाज न घेताच. सगळं ऐकून सर्वेशकडे त्यांनी एकदाच पाहिलं, मग बुवांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"बुवा, तुमी फक्त उचलून देवा. पुढचा मी धरतंय. चुकलंय तर हात करा."

दोन फोन रेकॉर्डिंगला लावले, एक सर्वेशचा, एक श्वेताचा. पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली, तरी खालून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या.

बाबांनी सुरुवात केली. सूर असा उरलाच नव्हता. फाटका वारा होता, पण तो वर कुठे जातोय, कुठे वळतोय, ते कळत होतं. दशरथकाका कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकत आणि तीच ओळ आपल्या भरड्या गळ्याने म्हणत. बाबांचा हात उठला की थांबत. परत. हात उठे. परत. पहिल्या चालीला अठरा मिनिटं लागली. सर्वेशने मनात हिशेब केला आणि त्याला कळलं, सत्तावीस होणार नाहीत.

बाबांनाही कळलं असावं. त्यांनी बोटाने खूण केली, अंतरे सोडून दे. तोंडाचं कडवं आणि वळण तेवढं घेऊ. मग वेग आला. दोन वाजेपर्यंत तीन झाल्या. अडीचला सात. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. आई मधूनमधून चमच्याने पाणी पाजत होती.

नवव्या चालीला बाबांना खोकला लागला. थांबेना. रुमाल तोंडाशी धरला, तो काढला तेव्हा त्यावर लाल रेघ होती.

"बस झालं, बाबा," सर्वेश उठला. "नको. नऊ पुरे."

बाबांनी त्याचं मनगट धरलं. आजारी माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यांनी त्याला खाली बसवलं, रुमालाची घडी घातली, आणि दशरथकाकांकडे वळून दहावी उचलली.

तीन पंचवीसला गाडीवाल्याचा फोन आला, खाली उभा आहे म्हणून. अकरावी अर्ध्यावर होती. श्वेताने त्याला थांबायला सांगितलं. पाच मिनिटांनी त्याने परत फोन केला, तो कुणी उचलला नाही. अकरावी पुरी झाली. बाबा बारावीसाठी तोंड उघडून बसले, छाती भरली, आणि काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले तेवढेच. दशरथकाका कान लावून वाट बघत राहिले, मग त्यांनी बुवांच्या पाठीवर हात ठेवला.

"ऱ्हवांदे, बुवा. माका आठवतत थोड्यो. बघतंय."

मग सगळे खाली गाडीत जाऊन बसले.

ऑपरेशन सात तास चाललं आणि नीट झालं. त्या सात तासांत सर्वेशने हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून अकरा फाइली तीन ठिकाणी उतरवल्या आणि प्रत्येक जागची प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. राहिलेल्या सोळा चालींबद्दल त्याने दशरथकाकांना विचारलं. त्यांना सहा आठवत होत्या, दोन अर्ध्या. आठ गेल्याच होत्या.

सहाव्या दिवशी बाबा टेकून बसले. गळ्याला नळी, नाकातून दुसरी. जवळ लिहायला पाटी ठेवली होती. सर्वेश रोज तिच्याकडे बघायचा. 'मगे बोलतंय' म्हणाले होते. ते जे काही असेल ते आता लिहूनच येणार होतं, आणि त्याने ते वाचायची तयारी ठेवली होती. त्याने इयरफोन त्यांच्या कानात घातले आणि अकरा चाली लावल्या.

बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. दोन तास गेले. मग त्यांनी इयरफोन काढले, पाटी मागितली आणि बराच वेळ लिहीत बसले. अक्षर थरथरत होतं. सर्वेशने पाटी घेतली.

'सातव्यात दशरथ चुकलो. तिसरी ओळ वर जाना नाय, खाली येता. त्याका बोलाव. परत घेवा.'

सर्वेशने ते दोनदा वाचलं. मग बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन दशरथकाकांना फोन लावला.