बॅटरीपाशी खार

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे आणि आधीच सांगून ठेवते, माझा चटकन कुणावर विश्वास बसत नाही. तुम्ही कान देऊन ऐकताय, ते खरंच माझी गोष्ट ऐकायला की माझ्यातलं शिसं किती भरेल याचा अंदाज घ्यायला, कोण जाणे! माझ्या वयाच्या बॅटरीकडे लोक एवढ्या प्रेमाने उगाच बघत नाहीत.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या बसवल्या, आम्ल भरलं आणि तारा जोडायला डोक्यावर दोन टोकं ठेवली. मग टेम्पोत बसून धक्के खात मी या घरी आले. घर टेकडीच्या माथ्यावर, एकटंच. विजेच्या तारा खालच्या रस्त्यापर्यंत येतात आणि वर यायचं नाव घेत नाहीत. म्हणून छतावर सौर पॅनेल बसवले होते. पॅनेलनी ऊन गोळा करायचं, त्याची वीज मी पोटात साठवायची आणि इन्व्हर्टर नावाच्या डब्याने ती माझ्याकडून घेऊन घरभर वाटायची. मरमर माझी आणि कौतुक त्या डब्याचं, कारण त्याच्या अंगावर रंगीत दिवे आहेत ना!

तरी सुरुवातीची वर्षं सुखाची गेली, खोटं कशाला बोलू? या घरची आई मला वेळच्या वेळी बॅटरीचं पाणी पाजायची, कोरड्या फडक्याने पुसायची. "ही आहे म्हणून आपण उजेडात आहोत," असं पाहुण्यांना सांगायची. मग हळूहळू सगळ्यांना माझी सवय झाली. मी जिन्याखाली गेले. कुणीतरी माझ्यावर छत्री ठेवली. छत्रीवर रद्दी आली, रद्दीवर गोणपाट आलं. पाणी मिळायचं, पण घाईघाईत. तोंड पुसायला मात्र कुणी फिरकलं नाही.

अशात आईने अंडी उबवायची पेटी आणली. पेटीत एक बल्ब सतत जळत असे आणि त्याच्या उबेने अंड्यांत पिल्लं वाढत. आईची ही पहिलीच खेप होती. जाता-येता ती पेटीच्या काचेला नाक लावून उभी राहायची. पिल्लं बाहेर यायची वेळ जवळ आली आणि नेमके तेव्हाच घरातले दिवे फडफडू लागले. पाण्याचा पंप सुरू झाला की सगळे बल्ब मान टाकत, मिचमिचत आणि पुन्हा कसेबसे सावरत. पेटीतला बल्बही तसाच. पेटी गार पडली, तर पिल्लं कवचातच मरणार होती.

झालं, घरात संशयाचं वारं शिरलं. बाबा म्हणाले, "तुझ्या भावाने हा इन्व्हर्टर माझ्या गळ्यात मारला, तेव्हाच मला शंका आली होती."

"तुम्ही पहिल्यापासून त्याच्यावर खार खाऊन आहात," आई म्हणाली. "आधी बल्ब तरी बदलून बघा."

बल्ब बदलला. नवाही फडफडला. बटणं उघडून पाहिली, पॅनेल धुतले, काही उपयोग नाही. माझा स्वतःचा संशय इन्व्हर्टरवरच होता, कारण तो दिवसभर गूं गूं करत कुणाशी तरी कुजबुजतो. पंपही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. सुरू होताना केवढा मोठा घास घेतो मेला!

आईचा भाऊ वायरमन होता, पण कामासाठी परगावी गेला होता. बाबांनी नाइलाजाने त्याला फोन लावला. आमच्या टेकडीवर आवाज तुटत-तुटत येतो. "दाजी... हॅलो... बॅटरीपाशी खार असणार... हमखास... काढून टाका..." एवढं ऐकू आलं आणि फोन कटला.

"खार!" बाबा ओरडले. "अगं, खार तारा कुरतडतेय!"

त्यांनी जिन्याखाली पिंजरा लावला, आत शेंगदाणे ठेवले आणि स्वतः पायरीवर दबा धरून बसले. छतावर एक खार राहायची, ती बिचारी वास काढत आली आणि सापडली. मी तिच्याकडे रोखून पाहिलं. म्हणे शेंगदाणे खायला आले होते! चोर कधी चोरी कबूल करतो का?

"मुद्देमालासकट पकडली!" बाबांनी पिंजरा उंच धरला आणि ऐटीत पंप सुरू केला. दिवे फडफडले.

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मग बॅटरीच गेली. म्हातारी झालीये ती. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

"आणि नवी येईपर्यंत माझी अंडी?" आईने विचारलं. इतकी वर्षं या घरासाठी झिजले आणि साधी चौकशीही न करता थेट भंगार? मला फार वाईट वाटलं.

सकाळी आईने दारात उभं राहून भावाला पुन्हा फोन लावला. "अरे, खार पकडली, तरी दिवे फडफडतातच."

"पकडली?" पलीकडे हसण्याचा स्फोट झाला. "अगं ताई, ती खार नाही, तो खार! बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट साचतो ना, तो! तो पकडायचा नसतो, खरवडायचा असतो!"

बाबा पिंजऱ्यातल्या खारीकडे बघत राहिले. खार त्यांच्याकडे बघत राहिली.

माझ्या डोक्यावरची छत्री, रद्दी, गोणपाट सगळं उतरलं. खरंच, टोकांवर खाराचे थर चढले होते. वीज त्यातून अडखळत जात होती आणि पंपाने मोठा घास घेतला की दिव्यांच्या वाट्याला कमी येत होती. आता मला सांगा, स्वतःचं डोकं स्वतःला कसं दिसणार?

पण साफ करायचं तर सगळी वीज बंद ठेवायला हवी होती. आईने पेटीभोवती कोमट पाण्याच्या बाटल्या लावल्या, वर रजई गुंडाळली आणि म्हणाली, "चला, हात चालवा." वायरमन फोनवरून सांगत गेला. पंप आणि दिवे बंद केले, आधी पॅनेलची तार सोडवली, मग माझ्या तारा. पाणी भरायची झाकणं घट्ट आहेत ना, हे पाहिलं. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासलं, तसा फसफस फेस आला. पुसून कोरडं केलं, तारा बसवून नट पान्याने आवळले आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवला. शेवटी पॅनेल जोडले.

बाबांनी भीत-भीत पंप सुरू केला. दिवे जागचे हलले नाहीत. आईने रजईखाली हात घातला. "ऊब आहे अजून," ती म्हणाली. बाबांनी मुकाट्याने पिंजऱ्याचं दार उघडलं.

तेवढ्यात भंगारवाला दारात आला. "ताई, बॅटरी द्यायची होती ना?"

"आज नाही," आई म्हणाली.

मित्रांनो, मी नीट ऐकलंय. 'आज नाही' म्हणाली ती, 'कधीच नाही' असं म्हणाली नाही.

संध्याकाळी पेटीतून चिवचिव ऐकू आली. ओलं, मान न सावरणारं एक पिल्लू बल्बखाली धडपडत होतं. आई तशीच माझ्याकडे आली आणि नट सैल तर नाहीत ना, हे तिने बोटांनी चाचपून पाहिलं. त्या बोटांवर मात्र मला संशय घेता आला नाही.

बाळांनो, म्हातारपण मलाही चुकणार नाही. पण म्हातारी झालेली वस्तू आणि दुर्लक्षित राहिलेली वस्तू लांबून अगदी सारख्या दिसतात. वस्तूच कशाला, माणसंही. म्हणून कुणालाही 'आता संपलं' म्हणण्याआधी जरा जवळ येऊन बघत जा.